एकतीस मोटरी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ओमानमधल्या खाबुऱ्यात रोज एक तरी मोटर जळत होती. विहिरींचं पाणी खाली गेलेलं, आणि राहिलं होतं त्यात समुद्र घुसलेला. पंप ते खारट पाणी ओढून ओढून दमायचे आणि एक दिवस जळायचे. मग शेतावरचे कामगार ती मोटर पिकअपमध्ये टाकायचे, दुकानापुढं आणून आदळायचे आणि म्हणायचे, "उस्ताद, आज ही चाहिए. खजूर मर जाएगा."

"खजूर मरना नाय," रमण खाली मान घालून पुटपुटायचा, "आदी मीच मरतलंय."

दुकान जाफर अर्बाबचं, म्हणजे मालकाचं. पाटीवर नाव त्याचं, लायसन त्याचं. मोटर भरायचं, म्हणजे जळकी तार काढून नवी बसवायचं काम रमणचं. म्हणजे लोकांना वाटायचं रमणचं. खरं बघितलं तर त्यातलं अर्धं मैनाचं. दुकानाच्या मागं दोन खोल्या होत्या, तिथं रमण, त्याची बायको मैना आणि दहावीतली मुलगी पूर्वा राहायची. दुकान आणि खोली यांच्यामध्ये दार, दाराला तपकिरी पडदा. पडद्याच्या आत जमिनीवर मैनाचा फरमा. लाकडी ठोकळा, त्याला हँडल, हँडल फिरवलं की तांब्याची तार ठोकळ्यावर गुंडाळत जायची. मैनाच्या व्हिसावर छापलेलं होतं की हिला काम करायची परवानगी नाही. म्हणून फरमा पडद्याच्या आत.

बाहेर रमण छिन्नीनं जळकं वाइंडिंग तोडायचा. आतलं तांबं काळं ठिक्कर, वास असा की जेवण नको व्हावं. तो टर्न, म्हणजे तारेचे वेढे मोजायचा, तारेला गेज लावायचा आणि पडद्याकडं तोंड करून ओरडायचा, "गे, अठ्ठेचाळीस! बावीस गेज!"

आतून आवाज यायचा, "आयकलंय! भयरी करतास काय माका!"

आणि हँडल फिरायला लागायचं. मैनाच्या उजव्या अंगठ्याला तारेची खाच पडलेली. चौदा वर्षं ती तार त्याच जागेवरून सरकत आलेली. तार सैल सोडली तर कॉइल फुगते आणि मोटरच्या खाचेत बसत नाही. आवळून धरली तर तारेवरचं एनॅमल सोलतं, आणि मोटर महिन्यात परत जळून येते. मधलं जे काय असतं ते अंगठ्यालाच कळतं. मैनाला ते कुणी शिकवलं नव्हतं. रमणलाही शिकवता आलं नसतं, कारण त्याची कॉइल तिच्याइतकी चांगली कधी झालीच नाही. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही बोलत नसत.

हिबा जानेवारीत आली. इथलीच, खाबुऱ्याची, वीस-एकवीसची. सरकारच्या ट्रेनिंगच्या स्कीममधून. वर्षभर इन्स्टिट्यूटमध्ये शिकायचं, मग सहा-आठ महिने कुठल्यातरी दुकानात हातानं काम करायचं, ते जमलं की त्याच दुकानात कायम. काळा अबाया, आणि खाली इन्स्टिट्यूटनं दिलेले लोखंडी टोकाचे कोरे करकरीत बूट. घरी बलुची बोलायचे, पण सिनेमे बघून बघून हिंदी फाडफाड यायचं.

पहिल्या दिवशी रमणनं तिच्यापुढं एक जळकी मोटर ठेवली. तिनं वाकून बघितलं आणि विचारलं, "उस्ताद, इसको क्या हुआ?"

"जल गया."

"जलने के बाद ऐसा होता है?"

इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्या मोटरी नव्या होत्या. एक कापून उघडी ठेवलेली, तिच्यात लाल, पिवळ्या, निळ्या रंगाच्या तारा. बाकी सगळं कंप्युटरवर. काळी पडलेली मोटर त्यांना कुणी दाखवलीच नव्हती.

दुपारी जेवताना रमण हसत सुटला. "डाक्टर झाली गो, पण पेशंट बघूक नाय अजून!"

"तेतूरलो दोष तिचो?" मैना म्हणाली. "जेणी शिकवल्यान तेका इचारा. भात घेवा."

पुढं दुकानात बसलं की गिऱ्हाईकं हिबाकडं टकामका बघायची. एक म्हातारा शेतकरी तर तिच्यासमोरच म्हणाला, उस्ताद कुठाय, मला मुलीशी बोलायचं नाही. त्या दिवशी ती उठून पडद्याच्या आत आली आणि मग आतच बसायला लागली, मैनाजवळ. मैनाला 'खाला', म्हणजे मावशी, म्हणायची. पूर्वाशी इंग्लिशमध्ये गप्पा मारायची. मैनानं तिच्या हातात हँडल दिलं. पोरीनं तार अशी ओढली की एनॅमल सोलून तांबं चकाकायला लागलं.

"धीरे. तार है, रस्सी नहीं खींचनी है," मैना म्हणाली.

दुसऱ्यांदा सैल. तिसऱ्यांदा मोजायचं चुकली. तोवर बाहेर पिकअपवाला हॉर्न मारायला लागला. मैनानं तिच्या हातून तार घेतली, सगळी उलगडली आणि स्वतः भरली. रोज हेच. रोज मनात यायचं, उद्या शांतपणे बसून शिकवू. उद्या परत कुणीतरी हॉर्न मारत उभा.

पण पोरगी बिनडोक नव्हती. एप्रिलमध्ये एक शेतकरी सोलरच्या पंपाचा कंट्रोलर घेऊन आला. आता सगळ्यांना सोलर हवा होता, आणि सोलर म्हटलं की तो डबा आला, त्याच्यावर काचेत आकडे नाचणारा. रमण तासभर बटणं दाबत बसला. डबा एकच शब्द दाखवत राहिला. शेतकरी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचा, आणि रमणच्या मानेवर घाम. शेवटी हिबा पडद्यातून बाहेर आली. मोबाईलवर काहीतरी बघितलं, सहा-सात वेळा बटण दाबलं, आणि पंप सुरू.

शेतकरी हिबाला अरबीत काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. रमणकडं न बघता हसले, पण रमणचे कान लाल झाले.

"ह्या माका शिकव गो बाय," तो नंतर डब्याकडं बोट दाखवून मालवणीतच म्हणाला. ती समजली आणि तिनं शिकवलंही. त्याच्या डोक्यात मात्र राहिलं नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस, डोळ्यांना चष्मा, त्या काचेतले आकडे मुंगीएवढे.

आता फॉर्मची गोष्ट. सगळा घोटाळा तिथंच झाला.

दर महिन्याच्या शेवटी सरकारला फॉर्म भरून पाठवायचा. शिकणाऱ्याला काय काय येतं, बावीस ओळी, प्रत्येक ओळीपुढं चार चौकोन. कच्चा, बरा, चांगला, मुमताज. मुमताज म्हणजे एकदम उत्तम. खाली आणखी एक तक्ता, महिन्यात कोणती कामं झाली आणि कुणी केली. जाफर अर्बाब माणूस वाईट नव्हता, पण त्याला बसून वाचायचा कंटाळा. तो गाडीतूनच सांगायचा, "रमण, सब मुमताज लिखो. लड़की अपने गाँव की है. खलास."

आणि रमण लिहायचा. अर्बाब म्हणतोय म्हणून लिहायचा, आणि त्यानं म्हटलं नसतं तरी लिहिलं असतं. बाहेरच्या माणसानं इथल्या पोरीला कच्ची लिहायचं? कुणाची बहीण, कुणाची पुतणी, कोण कुठल्या ऑफिसात बसलेला. तोंडावर गोड आणि कागदावर त्याहून गोड, असंच इथं चौदा वर्षं काढलेली. दुसऱ्या दुकानातले मल्याळी, पंजाबी, सगळे हेच करायचे.

तक्त्याचं मात्र अवघड होतं. मोटर भरली कुणी? मैनाचं नाव लिहिता येत नाही. सगळीकडं रमणच लिहिलं तर मग पोरीनं महिनाभर काय माशा मारल्या? म्हणून रमण लिहायचा, कॉइल, हिबा. महिन्याला पाच, सहा, सात. जानेवारी ते मे एकतीस मोटरी हिबाच्या नावावर पडल्या. एकतीसच्या एकतीस मैनाच्या हातच्या.

मैनानं एकदा बघितलं आणि म्हणाली, "एवडा नाव वडलांनी ठेवल्यानी माजा, ता असा गेला."

"सरकारी कागद कोण वाचता गो?" रमण म्हणाला. कुडाळजवळच्या त्यांच्या गावात पंचायतीच्या कपाटाखाली वाळवीनं खाल्लेले अर्ज त्यानं स्वतः झाडून काढले होते. कागद म्हणजे भरायचा, द्यायचा आणि विसरायचा. त्याला काय माहीत की ह्या सरकारनं ट्रेनिंग सुधारायचं मनावर घेतलंय, आणि मस्कतला कुणीतरी बसून एकेक फॉर्म खरंच वाचतंय.

जून संपता संपता जाफर अर्बाब दुकानात आला. गाडीतून उतरून आला, तेव्हाच मैनाला कळलं की काहीतरी बिनसलंय. त्यानं मोबाईल रमणपुढं धरला. सगळं अरबीत.

"क्या लिखा है, अर्बाब?"

"तुम्हारा परमिट. नया नहीं होगा. पंद्रह सितंबर, खलास."

"क्यूं?"

"लिखा है, दुकान में इसी काम का ओमानी है. फुल ट्रेन्ड. सब मुमताज." जाफरनं मोबाईल खिशात टाकला आणि स्टुलावर बसला. "तुमने ही लिखा."

"आपने बोला, अर्बाब."

"मैंने बोला," जाफर म्हणाला. "हाँ. मैंने बोला."

बाहेर एक पिकअप येऊन थांबला आणि मोटर धप्पकन खाली पडली.

संध्याकाळी पूर्वाला सांगावं लागलं. ती वहीत काहीतरी रंगवत होती. तिनं पेन खाली ठेवलं. "पण माझी बोर्ड्स? पप्पा, रजिस्ट्रेशन झालंय माझं. फेब्रुवारीत एक्झाम आहे. मध्येच कुठल्या स्कूलला घेतील मला? इंडियात मला मराठी पेपर लिहायला सांगितला तर? मला तर नीट वाचता पण नाही येत!"

"घेतले कोण तरी."

"कोण तरी म्हणजे कोण?" ती ओरडली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. रडलेलं ऐकू जाऊ नये म्हणून. टाकीतलं पाणी उन्हानं उकळलेलं, तरी ती अर्धा तास बाहेर आली नाही.

मैना भाकरी थापत होती. "फेब्रुवारी, मार्च," ती म्हणाली. "सा म्हयने गावले तरी चेडवाचा वरीस वाचात. ऑफिसाक चिठ्ठी लिवा. सांगा तेंका, हिबाक येना नाय."

"आणि एकतीस मोटरी कोणी भरल्यानी म्हणून इचारल्यानी तर? तुजा नाव सांगू? तुका उद्याच इमानात बसवतीत, आणि अर्बाबाक दंड."

"तुमी भरलात म्हणून सांगा."

"मग माजी सही खोटी. खोटो माणूस कोण ठेवता?"

मैनानं भाकरी तव्यावर टाकली. कुठूनही बघितलं तरी वाट बंदच होती, आणि बंद केली होती ह्याच माणसानं, दर महिन्याला, बावीस बावीस टिका मारून. तिला असा राग आला की तिनं भाकरी उलटताना बोटं भाजून घेतली आणि रमणला कळूही दिलं नाही.

जुलैत जाफर ऑफिसात जाऊन आला. एक साहेब येऊन दुकान बघणार होता. ट्रेनिंगचा काय उपयोग होतो ते तपासायला तो तसाही दुकानं फिरतच होता, तेव्हा परमिटचंही तोच बघेल. जाफरनं रमणला पढवलं, "बोलना, लड़की अच्छी है, मगर काम बहुत है. एक आदमी से नहीं होता. दोनों चाहिए. समझा?"

त्याच आठवड्यात हिबा हलव्याचा डबा घेऊन आली. सप्टेंबरपासून ती दुकानात कायम होणार असं तिला पत्र आलेलं. पूर्ण पगार. तिनं घरी सांगितलं होतं, मामाकडं सांगितलं होतं, धाकट्या भावाला कॉलेजात मी घालीन म्हणून बोलूनही बसली होती. तिला रमणच्या परमिटचं कुणी सांगितलं नव्हतं. तिनं चमच्यानं हलवा काढून मैनाच्या तोंडात घातला. "खाला, आपकी वजह से."

हलवा गरम, तुपकट, केशर घातलेला. मैनाला तो गिळताना पाणी प्यावं लागलं.

मंगळवारी साहेब आला. नुमान त्याचं नाव. चाळिशीचा, बारीक, पांढरी पायघोळ दिशदाशा घामानं पाठीला चिकटलेली. गाडीचा एसी बिघडलेला, म्हणाला. हा साहेब वाटतच नव्हता. आल्या आल्या त्यानं जळकी मोटर उचलून वास घेतला.

मैनाला आत बसायला सांगितलं होतं. फरम्यावर चादर टाकली होती, चादरीवर पूर्वाचा अभ्यास. मैना पडद्यामागं भिंतीला टेकून उभी राहिली. पंखा मुद्दाम बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. घाम पाठीवरून खाली निघाला, तिनं पुसला नाही.

नुमान रमणशी हिंदीतच बोलला. "काम कैसा है?"

"बहुत, साब. दो आदमी का काम. लड़की मुमताज है. मगर दोनों चाहिए."

"दो आदमी चाहिए? अच्छा है. दो लड़के और हैं मेरे पास, इसी कोर्स के. घर बैठे हैं. कल भेजता हूँ."

पडद्यामागं मैनानं डोळे मिटले. गेलं.

नुमाननं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. "उस्ताद, मैंने चालीस दुकानों के फॉर्म पढ़े. चालीस में से चालीस मुमताज. फिर वही दुकानवाले फोन करके रोते हैं कि लड़के को पाना पकड़ना नहीं आता, हमको बाहर का आदमी दो. मैं किसको सच मानूँ? कोर्स में क्या बदलूँ? मुझे तो कागज बोलता है, कुछ बदलने की जरूरत ही नहीं." तो दमलेला वाटत होता, चिडलेला नाही. मग तो हिबाकडं वळला आणि अरबीत काहीतरी म्हणाला. हिबानं मान हलवली.

"एक कॉइल बनाके दिखाएगी," त्यानं रमणला सांगितलं. "मशीन किधर है?"

दुकानात छिन्नी होती, हातोडी होती, व्हार्निशचा डबा होता. भिंतीला पान्यांची ओळ होती. कॉइल गुंडाळायचं काहीच नव्हतं. एकतीस मोटरी भरलेल्या दुकानात फरमाच नव्हता.

"साब, वो... रिपेर को..." रमण म्हणाला.

जाफर खाली बघत होता. हिबानं पडद्याकडं बघितलं. मुद्दाम नाही, नजर गेली. नुमाननंही त्या नजरेमागं बघितलं.

मग पडदा सरकला. मैना फरमा दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाहेर आली. जड होता. कुणी पुढं होऊन घेतला नाही. तिनं तो टेबलावर ठेवला, आणि पदर नीट केला.

"गे, तू कित्याक..." रमण म्हणाला.

"गप ऱ्हवा तुमी."

नुमाननं फरम्याकडं बघितलं, मग तिच्या उजव्या हाताकडं. नखांत व्हार्निश, अंगठ्याला खाच. "ये घर में था?"

"हाँ साब."

"सिर्फ रखा था?"

मैनानं उजवा हात पदराखाली घेतला. नुमाननं पेनाला टोपण लावलं. "छोड़ो. मैंने नहीं पूछा," तो म्हणाला.

हिबा फरम्यापाशी बसली. हँडल फिरवलं. लोखंडी टोकाचे बूट तिनं जमिनीवर घट्ट रोवले. दहा टर्नांवर तार घसरली. विसाव्याला सोलली. तिनं पुढं भरली, कारण थांबायचं कसं तेही तिला माहीत नव्हतं. नुमाननं कॉइल हातात घेऊन उजेडात धरली. त्यातलं त्याला कळत नव्हतं. त्यानं कॉइल मैनाकडं दिली. रमणकडं नाही, मैनाकडं.

"कैसी है?"

पोरगी समोर होती. तिच्या चेहऱ्यावरची पावडर घामानं फुटलेली. आत पूर्वा होती. मैनानं कॉइल फिरवून बघितली, बघायची गरज नसताना.

"लड़की अच्छी है साब. वो डब्बावाला काम, सोलर का, ये मेरे आदमी को नहीं आता, उसको आता है. मशीन का दिमाग उसको समझता है. पेट नहीं समझता." ती थांबली. "अभी नहीं आता उसको. इससे मोटर भरा तो एक महीने में जल जाएगा."

"कितना टाइम?"

"छह महीना. रोज बैठेगी तो."

हिबानं मैनाकडं बघितलं. फार नाही, एकदाच.

"और इन्स्टिट्यूट में क्या बदलें?" नुमाननं टोपण काढलं.

मैनाला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. ती बोलत सुटली. रमण खोकत राहिला, तरी बोलत सुटली. पहिल्याच दिवशी पोरांना जळकी मोटर द्या. वास घेऊ दे. तोडू दे, हात कापू दे. तार त्यांनाच मोजू दे, कंप्युटरला नको. शंभर कॉइल वाया जाऊ दे, तांबं वितळवून परत येतं. इथं दुकानात वाया घालवता येत नाही, इथं गिऱ्हाईक हॉर्न मारतं, म्हणून वाया घालवायची जागा तिथंच पाहिजे. आणि इथल्या म्हाताऱ्या उस्तादांना तिथं बोलवा, चार दिवस, त्या डब्यांचं शिकायला. नुमाननं पान भरून लिहून घेतलं, पान उलटून परत लिहिलं.

शेवटी तो रमणकडं वळला. "और ये फॉर्म?"

"डर से लिखा, साब."

"लिखके दो."

रमणला कागद दिला. गिऱ्हाईकं दारात उभी, पिकअपवाले, म्हातारा शेतकरी. त्या सगळ्यांसमोर रमणनं टेबलावर वाकून, चष्मा नाकावर सरकवून, मोडक्या इंग्लिशमध्ये लिहिलं की जानेवारी ते मेचे पाच फॉर्म बरोबर नव्हते. स्पेलिंग अडलं तेव्हा हिबानंच सांगितलं. कोरड्या आवाजात, एकेक अक्षर. त्यानं सही केली.

हिबानं पर्स उचलली आणि निघून गेली. त्या दिवशी आणि पुढं दीड आठवडा ती आली नाही.

आठवड्यानं मेसेज आला. रमणला मार्चच्या मध्यापर्यंत मुदत, शिकवण्यासाठी. त्यानंतर अर्ज करायचा नाही. हिबाचं कायम होणं मार्चपर्यंत पुढं, तोवर शिकाऊचाच भत्ता. जाफरला तंबी. आणि कॉइलचं काम दुकानात, सगळ्यांसमोर, शिकणारीनं करायचं.

पूर्वा नाचली. तिनं मैनाला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, यू आर द बेस्ट." मैना म्हणाली, अभ्यास कर.

हिबा रविवारी आली. "सलाम, मदाम," म्हणाली. खाला नाही. फरमा आता पुढं दुकानात होता, आणि मैनानं त्याला हात लावायचा नव्हता. ती स्टुलावर बसायची, हात मांडीत घेऊन. चौदा वर्षांत ते हात दिवसा असे रिकामे कधी राहिले नव्हते. तिला कळायचं नाही त्यांचं काय करायचं. पदराचं टोक गुंडाळायची, उलगडायची. आणि तोंडानं सांगायची.

"छोड़. और छोड़. अब पकड़. इतना नहीं."

"इतना कितना, मदाम? बराबर बोलो."

"कैसे बोलूँ? अंगूठे को पूछ."

"अंगूठा नहीं बोलता."

"बोलेगा."

तार तुटायची, उलगडायची, परत. मोटरी साचायला लागल्या. जी एका दिवसात जायची तिला चार दिवस. शेतकरी शिव्या द्यायचे, रमणला, कधी हिबाला. हिबा आता उत्तर द्यायला शिकली होती, अरबीत असं काहीतरी टाकायची की समोरचा गप्प. जाफर यायचा, बघायचा आणि 'इन्शाल्ला' म्हणून जायचा. दुकानात एसी नव्हता, दोन पंखे गरम हवा ढवळायचे. दुपारी मैनाचे पाय सुजायचे. हिबाच्या अंगठ्याला आधी फोड आला, मग तो फुटला, मग तिथं पट्टी. तिनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि मैनानंही हळद लावू का म्हणून विचारलं नाही. दोनदा तोंडात आलं होतं.

रमण एकदा हळू म्हणाला, "इतक्या बेगीन कित्याक शिकवतंस? मार्च लांब आसा."

मैनानं त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून पाणी प्यायला गेला.

ऑगस्टच्या शेवटी, अकराच्या सुमाराला, हिबानं एक कॉइल फरम्यावरून काढली, दोऱ्यानं चार जागी बांधली आणि काही न बोलता मैनापुढं धरली.

मैनानं घेतली. एवढं तरी तिला करता येत होतं. तिनं अंगठा कडेनं फिरवला. मग दुसऱ्या बाजूनं. तार तारेला लागून, कुठं पोकळ नाही, कुठं चढलेली नाही. टर्न मोजले, अठ्ठेचाळीस. परत मोजले. उजेडाकडं धरून सोललेलं कुठं चमकतंय का ते बघितलं. खूप वेळ बघितलं. रमण छिन्नी थांबवून बघत होता. एक शब्द टाकला असता, सैल आहे म्हणून, तर रमणनं मान हलवली असती आणि पोरीनं मुकाट्यानं उलगडली असती. कुणालाच कळलं नसतं.

हिबा मैनाच्या तोंडाकडं बघत नव्हती. तिच्या अंगठ्याकडं बघत होती.

"बरोबर आसा," मैना म्हणाली.

हिबाला मालवणी येत नव्हती. तिनं कॉइल परत घेतली, बाजूला ठेवली, आणि दुसरीसाठी तार ओढली.